फर्ग्युसन टीई-२० रिव्ह्यू: इंजिन बंद असलेला चालेल, लिफ्ट बंद असलेला नको

घरच्या शेडमध्ये जुना ट्रॅक्टर उघडून परत उभा करायचाय, पहिल्यांदाच करायचाय, तर कुठला घेऊ असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. माझं उत्तर सरळ आहे, छोटा राखाडी फर्ग्युसन, म्हणजे टीई-२०. माझा पूर्ण होऊन कामाला लागलाय, सुरुवातीचा उत्साह ओसरलाय, त्यामुळे आता जरा थंड डोक्याने लिहिता येईल. फक्त माझी एक अट आहे. इंजिन बंद पडलेला, अगदी जाम झालेला मिळाला तरी घ्या. लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार वर-खाली करणारी हायड्रॉलिक यंत्रणा, उचलत नसलेला घेऊ नका. लोक नेमकं उलटं करतात, सेल्फ मारला, इंजिन फटफट चालू झालं, वर नवा रंग चमकतोय, झालं, लगेच खिशात हात. आणि मग पुढचं वर्षभर मागचा भाग उघडून बसतात. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारासाठीच केली असावी.

आधी मशीनबद्दल थोडं, कारण हा सोपा का आहे ते त्याच्या जन्मातच आहे. हॅरी फर्ग्युसनच्या डोक्यात वर्षानुवर्षं एकच गोष्ट होती, नांगर मागे साखळीने ओढत न्यायचा नाही, तो ट्रॅक्टरचाच एक अवयव झाला पाहिजे. अवजार तीन ठिकाणी जोडणारी तीन पॉईंटची लिंकेज आणि तिला जोडलेलं हायड्रॉलिक कंट्रोल हे त्याचंच. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसता हातात हात देऊन व्यवहार झाला, त्यातून १९३९ ला फोर्डचा ९एन ट्रॅक्टर आला, पुढे बिनसलं आणि प्रकरण कोर्टात जाऊन १९५२ ला ९२.५ लाख डॉलरवर मिटलं. पण तोवर फर्ग्युसनने इंग्लंडमध्ये स्टँडर्ड मोटर कंपनीला धरून कव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात टीई-२० सुरू केला होता, युद्धात त्याच कारखान्यात विमानांची इंजिनं बनायची. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त निघाले. हा आकडा महत्त्वाचा एवढ्यासाठी की इतके बनले म्हणून आजही स्पेअर पार्ट मिळतात, आणि हजारो लोकांनी ते उघडलेत म्हणून कुठलाही बोल्ट अडला तरी कोणीतरी आधी अडकलेला असतोच.

हलका पण आहे, साधारण अकराशे-बाराशे किलो. घरगुती चेन ब्लॉकला आणि जॅकला झेपेल असं वजन. मोठा सहा सिलिंडरचा ट्रॅक्टर घरी उघडायची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी त्याच्या मागच्या चाकाचं वजन विचारावं मग बोलावं.

घेताना नाव वाचायला शिका. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर टीईच्या पुढे अक्षर असतं. नुसता टीई म्हणजे सुरुवातीचा, अमेरिकन कॉन्टिनेंटल इंजिनचा. टीईए म्हणजे स्टँडर्डचं पेट्रोल इंजिन, टीईडी म्हणजे टीव्हीओ, पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलसारख्या तेलावर न्यायचा तो, आणि टीईएफ म्हणजे डिझेल. पहिल्या प्रोजेक्टला टीईए किंवा टीईडी घ्या. डिझेल ऐकायला बरं वाटतं पण थंडीत सुरू करायला हट्टी आहे, वर पंप आणि नोझलचं काम घरी होत नाही, ते बाहेर द्यावंच लागतं. पट्टी नसेल किंवा कोरी नवीन लावलेली असेल तर जरा सावध व्हा, एकाचं तोंड आणि दुसऱ्याचं धड असे जोडलेले ट्रॅक्टर भरपूर फिरतायत. चालवायला काही वाईट नसतात ते, पण मग पार्ट मागवताना कुठल्या सालचा सांगायचा हा गोंधळ कायमचा.

आता उघडायला कसा आहे ते. याला चेसिस नाही. इंजिन, त्याला गिअरबॉक्स, त्याला मागचा अ‍ॅक्सल, असे तीन लोखंडी ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडलेत आणि तोच सांगाडा. फायदा असा की आत काय आहे ते शोधावं लागत नाही, प्रत्येक ठोकळ्याचं काम वेगळं. तोटा असा की साधी क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टरचे दोन तुकडे करावे लागतात. ऐकून घाबरायला होतं, प्रत्यक्षात ते काम एका दिवसात होतं, दोन माणसं आणि पक्के स्टँड असले की बास. मात्र एक गोष्ट विसरायची नाही, तुकडे करायच्या आधी पुढच्या अ‍ॅक्सलच्या आणि इंजिनच्या पुढच्या सपोर्टच्या मधे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकायची. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनवर डुलतो, मागचा आधार सुटला की इंजिन आडवं कलंडतं, आणि ते पडताना हात घालून कोणी थांबवू शकत नाही. जॅकवर सोडून ट्रॅक्टरखाली जायचं नाही हे वेगळं सांगत नाही, सांगावं लागत असेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

पाने इंची लागतात. एमएमचे पाने जुळवून बघू, थोडा लूज आहे पण चालेल, असं करणाऱ्यांनीच सत्तर वर्षांत या बोल्टांची डोकी गोल केलीत आणि त्यांचं पाप आपण छन्नीने फेडतो. फर्ग्युसनने ट्रॅक्टरसोबत एक पाना दिलेला असायचा, त्याच्यावर इंचाच्या खुणा, म्हणजे त्याच पान्याने अवजाराचे बोल्ट सोडा आणि त्यालाच पट्टी धरून नांगराची मापं घ्या. असला विचार केलेली वस्तू हातात आली की बरं वाटतं. मूळ पाना मिळाला तर सोडू नका, वापरायला सुद्धा चांगला आहे, भिंतीवर टांगायची गोष्ट नाही ती.

इंजिनला माझ्याकडून पूर्ण मार्क. स्टँडर्डचं हे चार सिलिंडरचं इंजिन, आधी ८० मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, नंतर ८५ मिमी म्हणजे २०८८ सीसी. याच घराण्यातलं इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड कारमध्ये होतं आणि ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये पण, खोटं नाही सांगत, शेतातलं आणि रेसच्या ट्रॅकवरचं इंजिन भाऊ-भाऊ. कामाच्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे वेट लायनर. सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेला नाही, वेगळी नळी आत बसवलेली आहे आणि तिच्या बाहेरून पाणी फिरतं. झिजलं, गंजलं, पिस्टन आत चिकटला, काही होऊ दे, लायनर-पिस्टनचा सेट काढायचा आणि नवा घालायचा, बोअर करायला ब्लॉक उचलून न्यायची भानगड नाही. म्हणून म्हणतो जाम इंजिनला घाबरू नका. स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल ओतून ठेवा, रोज थोडं, आणि संयम ठेवा. मागून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून इंजिन सोडवायचा सल्ला देणारे शंभर भेटतील, ऐकू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा वॉल्व्हचं काहीतरी मोडतं आणि सुटणारं इंजिन भंगारात जातं. हेड काढून लाकडाच्या ठोकळ्याने वरून हळू ठोकत सोडवणं बरं, नाहीतरी लायनर बदलायचेच आहेत.

लायनर बसवताना खाली इंग्रजी आठच्या आकाराचं गॅसकेट येतं, दोन लायनरना मिळून एक. ते बसतं ती कड आरशासारखी साफ हवी. लायनरची वरची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर वर राहिली पाहिजे, मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय त्यातच, कमी राहिली तर हेड गॅसकेट दाबलं जात नाही आणि पाणी ऑईलमध्ये जातं. हे डायल गेजने मोजायचं, बोट फिरवून नाही. ब्लॉकच्या तळाशी पाण्याच्या जागेत सत्तर वर्षांचा गाळ दगड होऊन बसलेला असतो, तो स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढायचा, नाहीतर नवीन रेडिएटर लावूनही मागचे दोन सिलिंडर तापत राहतात. क्रँक आमच्या लेथवाल्या काकांकडे दिला, त्यांनी मायक्रोमीटर लावून बघितला आणि फक्त पॉलिश पुरे म्हणाले, उगाच ग्राइंड करून अंडरसाईज बेअरिंगच्या मागे लावलं नाही, असा माणूस शोधून ठेवणं हे अर्धं रिस्टोरेशन.

इलेक्ट्रिकल इतकं कमी आहे की एका कागदावर मावतं. कॉईल, पॉईंट, कंडेन्सर, डायनॅमो, सेल्फ, संपलं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. बारा व्होल्टच्या मॉडेलमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला जातो, मायनस नाही, हे डोक्यात पक्कं बसवा कारण आजच्या गाड्यांच्या सवयीने हात आपोआप उलटा जातो. वायरिंग जुनं कापडी असेल तर दया दाखवू नका, पूर्ण नवीन ओढा. आणि सेल्फची गंमत, वेगळं बटण नाही, गिअरचा दांडा एका बाजूला एस खुणेवर ढकलला की सेल्फ फिरतो. म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर सुरू होऊच शकत नाही. १९४६ सालची ही सेफ्टी बघा, आणि मग कोणीतरी ती सोय काढून डॅशबोर्डवर बटण लावलेलं असतं ते पण बघा. घेताना असं बटण दिसलं तर विचारा मूळ पार्ट कुठे गेले, आणि उघडल्यावर पहिलं काम ते परत मूळ करायचं.

कार्बोरेटर झेनिथचा, साधा आहे, पण फ्लँज, म्हणजे इंजिनला टेकणारी कड, वाकलेली असते. कोणीतरी गळती थांबवायला नट जीव खाऊन आवळलेले असतात. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासून सपाट करा, नवीन कार्बोरेटरची बहुतेक वेळा गरज नसते. स्वस्तातले नवे कार्बोरेटर दिसायला सेम, आत जेट कुठल्याही मापाचे, मी वापरून परत जुनाच लावला.

आता लिफ्ट, जिथे खरा ट्रॅक्टर आहे. आधी हे कसं चालतं ते समजून घ्या म्हणजे माझा आग्रह कळेल. हायड्रॉलिक पंप बाहेर कुठे दिसत नाही, तो पोटात, गिअरबॉक्स-डिफरन्शियलच्याच तेलात बुडालेला, आणि त्याला फिरवतो पीटीओचा शाफ्ट, म्हणजे मागच्या अवजारांना इंजिनचा जोर देणारा फिरता शाफ्ट. नांगर जमिनीत गेला की माती त्याला मागे ओढते, तो जोर नांगराला वरून जोडणाऱ्या टॉप लिंकमधून एका जाड स्प्रिंगवर येतो, स्प्रिंग दबली की आतली काडी पंपाचा वॉल्व्ह हलवते आणि लिफ्ट नांगर थोडा वर घेते, जोर कमी झाला की परत खाली. कुठे कॉम्प्युटर नाही सेन्सर नाही, फक्त एक स्प्रिंग आणि लोखंडी काड्या, आणि हे सगळं आपोआप नांगराची खोली सांभाळतं. शिवाय नांगराचा जोर मागच्या चाकांवर येतो म्हणून एवढा हलका ट्रॅक्टर घसरत नाही. नंतर जवळपास सगळ्या जगाने हेच उचललं. पण या काड्या, वॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या की दुरुस्ती म्हणजे वरचं जड लिफ्ट कव्हर चेन ब्लॉकने उचला, पीटीओ शाफ्ट मागून ओढा, पंप वर काढा, आणि मग एकेक भाग साफ करून मोजा. काम अशक्य नाही पण इथे अंदाजपंचे चालत नाही, इंजिनात थोडं इकडे तिकडे चालून जातं, पंपाच्या वॉल्व्हला ओरखडा चालत नाही.

म्हणून बघायला जाल तेव्हा असं करा. इंजिन चालू असेल तर तेल गरम होईपर्यंत चालू द्या. मागे नांगर किंवा तसलंच काही वजन लावा, वजन नसेल तर लिफ्ट सगळेच उचलतात. पीटीओचा दांडा लागलेला आहे का बघा, कारण तो सोडवलेल्या जागी असेल तर पंप फिरतच नाही आणि लिफ्ट मेल्यासारखी वाटते. हे विकणाऱ्यालाही कधीकधी माहीत नसतं, लिफ्ट खराब समजून पडेल भावात देऊन टाकतात, अशी संधी साधायला हरकत नाही. उचलल्यावर इंजिन बंद करा आणि बघत उभे राहा. हळूहळू खाली येणार, ते चालतं. धप्पकन खाली आली तर रिंगा किंवा वॉल्व्ह गेलेत. चालू इंजिनात वजन धरून असताना लिफ्टचे हात सारखे थोडे खाली, परत वर, थोडे खाली, परत वर, असे उचक्या देत असतील तरी तेच दुखणं. मग बाजूचं झाकण उघडून तेल बघा. पांढरट दुधाळ असेल तर पाणी गेलंय, बहुतेक गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पावसाचं, आणि ट्रॅक्टर तसाच वर्षानुवर्षं उघड्यावर उभा असेल तर आत बेअरिंगवर गंज धरलेला असतो. इंजिन बंद असलेल्या ट्रॅक्टरवर ही चाचणी होत नाही, तिथे मालकाला शेवटचं काम काय केलं ते विचारा, नांगरट केली म्हणाला आणि लिंकेजच्या बॉलमध्ये ताजी माती-ग्रीस दिसलं तर खरं समजायला जागा आहे. आणि बाजूची झाकणं तर उघडता येतातच.

माझा लिफ्टच्या बाबतीत बरा निघाला, रिंगा, सील आणि त्या कंट्रोल स्प्रिंगचं सेटिंग एवढ्यावर भागलं. स्प्रिंग टाईट पण नको, लूज पण नको, खेळ अजिबात नसला पाहिजे तरी हाताने फिरली पाहिजे. एवढं एक केलं आणि नांगराचं उड्या मारणं थांबलं. पुतण्या टॉर्च धरून बसला होता, त्याला पण डोळ्यासमोर दिसलं की एक नट पाव फेरा फिरवला की काय फरक पडतो.

ब्रेकबद्दल फार लांबवत नाही. मागच्या अ‍ॅक्सलचे ऑईल सील गेले की तेल ब्रेकच्या लायनिंगवर येतं आणि मग पेडल दाबा नाहीतर दाबू नका. सील बदलल्याशिवाय नुसत्या लायनिंग बदलू नका. जुन्या लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, तो ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने फूऽऽ करायची सवय असेल तर सोडा, ओल्या कपड्याने पुसा आणि कपडा फेकून द्या. स्टिअरिंगमध्ये पाव फेरा खेळ असेल तर आधी रॉडचे बॉल जॉईंट बघा, ते स्वस्त, बॉक्सचे गिअर नंतर. पुढच्या अ‍ॅक्सलची रुंदी कमी-जास्त करता येते आणि डिझाईन असं की स्टिअरिंगचं अलाईनमेंट बिघडत नाही, पण बोल्ट गंजून एक झालेले असतात, तिथे गरम करूनच सुटतात.

टायर पुढे ४.०० बाय १९ आणि मागे १० बाय २८. मिळतात. मागच्या टायरमध्ये वजनासाठी मिठाचं पाणी भरलेलं असायचं, कॅल्शियम क्लोराईड, व्हॉल्व्हशी जरा जरी गळलं तरी रिम आतून खाऊन टाकतं. बाहेरून रंगवलेला रिम आतून कागद झालेला असतो. व्हॉल्व्हच्या भोवती फुगवटे दिसले तर रिम गेला असं धरूनच हिशोब करा.

स्पेअर पार्टच्या क्वालिटीबद्दल कडक मत आहे. इंजिनचे आतले पार्ट चांगल्या कंपनीचे मिळतात, त्याला तक्रार नाही. रबर आणि सील ठीक. पण पत्र्याचे पार्ट, म्हणजे मडगार्ड, बॉनेट, ग्रिल, एका ठिकाणाहून मागवले ते बघून डोकं फिरलं. भोकं जुळत नाहीत, पत्रा पातळ, कड सरळ नाही, आणि फोन केला तर ऐकवलं की थोडं फाईल करून घ्या सगळेच करतात. सगळेच करतात म्हणजे काय? त्यामुळे घेताना पत्रा मूळचा आणि पूर्ण आहे का हे लिफ्टच्या खालोखाल महत्त्वाचं. पोचे आलेला मूळ पत्रा ठोकून सरळ होतो, चुकीचा नवीन पत्रा कधीच जुळत नाही. मूळ बॉनेट ग्रिलसकट पुढे उलटतं, त्याची बिजागरी शाबूत असली की निम्मं जिंकलं.

गंज काढायला मी जवळपास सगळं वापरून बघितलं. छोट्या पार्टना सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी एक नंबर, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रश मारा, लगेच वाळवून तेल लावा. मोठ्या, कोपरे असलेल्या पार्टना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून इलेक्ट्रोलिसिस, पार्ट मायनसला आणि प्लसला साधं भंगार लोखंड. प्लसला स्टेनलेस लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. अ‍ॅल्युमिनियम या पाण्यात टाकायचं नाही, सोडा खाऊन टाकतो. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करा, जवळ ग्राइंडर नको. सँड ब्लास्टिंग जाड बीडाच्या पार्टना मस्त, पण पातळ बॉनेटवर जोर लावला तर पत्रा वाकडा होतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. आणि साधी नदीची वाळू वापरून मास्क न लावता ब्लास्ट करणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार काय असतो ते डॉक्टरकडून ऐकावं लागेल. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडा घासून धुरळा उडवण्यापेक्षा ओला घासा.

रंग राखाडी. सगळाच, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, बॉनेट. लाल रंगवलेला टीई-२० दिसला तर तो कोणीतरी मॅसी फर्ग्युसन ३५ बघून रंगवलाय, कारखान्यातून लाल निघाला नाही. फर्ग्युसन ग्रे म्हणून विकले जाणारे डबे एकमेकांशी जुळत नाहीत, एक निळसर, एक हिरवट. सगळा रंग एकाच वेळी एकाच ठिकाणाहून घ्या. मूळ छटा बघायची तर कधी न उघडलेल्या कुठल्यातरी झाकणामागे सापडते. टू-पॅक रंग चमकतो छान, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या मास्कने भागत नाही, घरच्या शेडमध्ये तो प्रकारच नको. मी साधा सिंथेटिक एनॅमल मारला, हात फिरवला की थोडा दबलेला ग्लॉस, जुन्या ट्रॅक्टरला तोच शोभतो. आरशासारखा चमकणारा फर्ग्युसन माझ्या डोळ्यांना खटकतो, पण ज्याची त्याची आवड. चांगला मूळ रंग शिल्लक असेल तर रंगवूच नका, नुसता धुवा आणि तेलाचा हात फिरवा.

काम किती करतो? छोटा नांगर, कल्टिव्हेटर, ट्रॉली, गवत कापणं, एवढं मजेत. पण क्लच एकच, दाबला की चाकं थांबतात, पीटीओ पण थांबतो आणि लिफ्ट पण. मागे फिरणारं जड गवत कापायचं मशीन लावलं असेल तर उलटंही होतं, क्लच दाबला तरी मशीनचा फिरता जोर पीटीओतून ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, बांधाशी थांबायचं आणि ट्रॅक्टर थांबत नाही. त्याला हा उलटा जोर अडवणारं ओव्हररन कपलिंग मिळतं, ते लावल्याशिवाय असलं मशीन जोडू नका. पीटीओचा शाफ्ट पण जुन्या मापाचा, सव्वा इंचाच्याही आतला, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आजची अवजारं एक पूर्णांक तीन अष्टमांश मागतात, म्हणून अ‍ॅडॉप्टर लागतो, दोन्ही एकाच तुकड्यात असलेलं मिळतं. रोटाव्हेटरचं स्वप्न बघू नका, पहिला गिअर सुद्धा त्याला फार फास्ट पडतो. ज्यांना रोज आठ तास काम हवंय त्यांनी नवीन ट्रॅक्टर घ्यावा, मी काही या ट्रॅक्टरचा भक्त नाही. अर्थात चाकांवर पट्टे बसवून हेच फर्ग्युसन घेऊन एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले होते, त्यामुळे चालत नाही असं कोणी म्हणू नये.

मॅन्युअलचा वेगळा मार्क द्यायला हवा. मूळ वर्कशॉप मॅन्युअलची छापील कॉपी घ्या, मोबाईलवरची अंधुक फाईल नको. तेलकट हाताने पान उलटता आलं पाहिजे. चित्रं हाताने काढलेली, भाग सुटा करून दाखवलेले, भाषा शेतकऱ्याला समजेल अशी, आजच्या मशीनची मॅन्युअलं बघितली की रडू येतं.

शेवटचं, चालवण्याबद्दल, कारण रिस्टोर करताना सगळे रंगाबद्दल बोलतात आणि याबद्दल कोणी बोलत नाही. याच्यावर उलटल्यावर वाचवणारा रोल बार नाही, कंपनीने दिलाच नव्हता. नंतर बसवण्यासारखे मिळतात, दिसायला वाईट दिसतो, तरी उतारावर काम असेल तर बसवा, प्रदर्शनाला नेताना काढा. ओढायचं काहीही खालच्या ड्रॉबारलाच लावायचं, टॉप लिंकच्या जागेला किंवा अ‍ॅक्सलच्या वर साखळी बांधून झाडाचा बुंधा ओढायला गेलात तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटा अंगावर येतो, क्लच दाबायला सुद्धा वेळ मिळत नाही. आणि भरलेली ट्रॉली मागे घेऊन उतारावर जाताना गिअर आधीच कमी करून घ्या, नवीन लायनिंग असली तरी या ब्रेकचा जोर ट्रॅक्टरपुरताच आहे, ट्रॉलीपुरता नाही.